शालनआक्काचं पाणी

“पाणी न बदलता निवळ राहील असं औषध हाय का तुमच्याकडं? हाय का न्हाई, तेवढंच सांगा.”

दर्ग्याच्या ओसरीवर बसलेल्या मौलाबाबांनी मान वर केली नाही. समोरच्या काचेच्या टाकीत त्यांचा हात कोपरापर्यंत बुडालेला होता. पाण्यातल्या रिबिनीसारख्या लांब गवतात ते काहीतरी चाचपत होते. एक पिवळं पान बोटाला लागलं. ते त्यांनी बुडाशी खुडलं आणि बाहेर काढून फरशीवर ठेवलं.

“बस,” ते म्हणाले.

“बसायला न्हाई आलो.”

गावाबाहेरच्या माळावर तो लहानसा दर्गा. ओसरीवर ओळीनं टाक्या मांडलेल्या, आणि प्रत्येकीत हिरवंगार रान उगवलेलं. लोक बाबांकडे ताईत मागायला येत, तसेच घरचे मासे मरायला लागले म्हणूनही येत. बाबा दोघांशी सारखंच बोलत. म्हणजे फार बोलत नसत.

औषध मागणारा हा ज्योतीराम पंक्चरवाला. सहावीत मास्तरांशी भांडून जो बाहेर पडला, तो पुन्हा शाळेच्या फाटकाकडे फिरकला नाही. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आज त्यानं हातगाडीवर वाकळ अंथरली होती आणि तिच्यावर आक्काची टाकी ठेवून, भरलेल्या पाण्यासकट, गावातून माळापर्यंत ढकलत आणली होती. टाकीच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं. तिथं त्यानं आपला शर्ट काढून दाबून बसवला होता.

बाबा उठून गाडीपाशी आले. टाकीकडे बघितलं. मग त्याच्या उघड्या अंगाकडे बघितलं.

“भरलेली टाकी हलवत नाहीत, पोरा. सांधे सुटतात.”

“रिकामी करून आणायची असती तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?”

आतलं पाणी चहासारखं झालं होतं. पानांवर काळी लव चढली होती, देठ बुडाशी सडले होते. उरलेले गप्पी मासे वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते...

“कुणाची?”

“आक्काची. शालनआक्का. माझी थोरली भण.” तो थांबला. “काविळीनं गेली.”

बाबांनी टाकीच्या काचेवर हात ठेवला.

“तिनं लावली ही. खाली शेणखताची माती, वर वाळू. भुवया कोरायच्या चिमट्यानं एकेक काडी रोवलीय तिनं. आन् पाणी तिनं भरलंय. तिच्या हातचं पाणी हाय हे. मी एक थेंब काढलेला न्हाई. मामा म्हणाला, डबकं झालंय, फेकून दे... तर मामाच्या अंगावर गेलो मी.”

“मारलंस?”

“धरलं लोकांनी.”

“बरं झालं. आणि पाणी आटलं की?”

“आटलं की वरनं घालतो. काढत न्हाई.”

“पाणी आटतं रे. घाण आटत नाही. ती मागं राहते, दाट होत जाते.”

“म्हणून तर औषध मागतोय! जे मागं राहिलंय ते मला मरू द्यायचं न्हाई. काय वाट्टेल ते करीन मी. सांगा फक्त.”

“धंदा काय करतोस?”

“पंक्चर काढतो.”

“ट्यूबमधली जुनी हवा जपून ठेवतोस काय?”

ज्योतीरामची कानशिलं तापली. “ती हवा माझ्या आक्कानं भरलेली नसती!”

बाबा हसले. चिडले नाहीत. जवळच्या आडातून काढलेलं पाणी मातीच्या रांजणात भरलेलं होतं, त्या रांजणाच्या कडेला ते टेकले.

“शालन पाणी बदलायची का?”

“बदलायची. दर आठवड्याला. नळी लावायची आन् बादलीत काढायची. सगळं न्हाई, थोडं.”

“ती बादली कुठं ओतायची?”

बादली ती ओततच नसे. ती आतून हाक मारायची, “ज्योत्या, ऊठ की रं मेल्या, बादली भरली!” आणि हा मोबाइलवरची नजर न काढता उठायचा, बादली उचलायचा, दारातल्या गटारात पालथी करायचा. कधी तिनं म्हटलं, अरे, कुंड्यांना घाल, खत असतंय त्यात. हा म्हणायचा, पुढच्या बारीला.

“मी ओतायचो,” तो म्हणाला. “गटारात.”

“तेव्हा ते कुणाच्या हातचं होतं?”

“तवा ती होती, बाबा.”

माळावर वारा सुटला होता. टाकीतल्या एका माशानं कूस बदलली आणि पुन्हा सरळ होण्यासाठी शेपटी मारली. झाला सरळ, पण वेळ लागला.

ते बघितलं मात्र, आणि ज्योतीरामच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, त्यानं कोपऱ्यावरचा शर्ट फेकून दिला आणि दोन्ही हातांनी टाकीची कड धरली.

“बदलायचंच ना? मग आत्ताच सगळं ओतून देतो. घ्या! धुऊन काढतो, वाळू बिळू सगळी...”

टाकी कलली. पाणी कडेवरून खळकन सांडलं.

बाबांचा सुरकुतलेला हात त्याच्या मनगटावर पडला. म्हाताऱ्याच्या हातात एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“सगळं ओतलंस तर आत्ता मरतील.”

“आन् ठेवलं तर?”

“तर उद्या.”

“मग करू काय मी? ठेवू का टाकू? एक काय ते सांगा की, बाबा!”

बाबांनी त्याचं मनगट सोडलं, फेकलेला शर्ट उचलून पुन्हा गळक्या कोपऱ्यात बसवला. रांजणावरचा तांब्या उचलला आणि त्याच्या हातात दिला, रिकामा.

“काढ. एक.”

ज्योतीराम तांब्याकडे बघत राहिला. त्यानं तो टाकीत बुडवला. तपकिरी पाणी गडगड करत आत शिरलं. तांब्या वर आला, पण हात काही पुढे जाईना. तो तसाच दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“गटारात न्हाई ओतायचो मी,” तो म्हणाला. “आता न्हाई.”

“गटार आहेच कुठं इथं?”

ओसरीच्या पायरीशी जाईचा वेल होता. ज्योतीराम उकिडवा बसला आणि तांब्या वेलाच्या मुळाशी हळूहळू रिता केला. माती कोरडी होती. तिनं पाणी चटकन पिऊन टाकलं.

“आता रांजणातलं घाल. हळू. हातावर धार धर, वाळू उठायला नको.”

त्यानं तळहात पाण्यावर आडवा धरला आणि त्यावरून आडाचं पाणी सोडलं. बोटांच्या फटींतून ते टाकीत उतरलं. निवळ पाण्याचा एक पट्टा तपकिरी पाण्यात वळवळत गेला, पसरला, दिसेनासा झाला.

“अजून?”

“काढ. घाल. थोडं थोडं. आज चौथा हिस्सा बदल, जास्त नको. परवा पुन्हा. जुन्या पाण्याला सरावलेत मासे, त्यांना दमानं घे. सडलेलं सगळं खुड. नवी फुटलेली कोवळी डिरी दिसली की तिला हात लावू नकोस.”

ज्योतीराम काढू लागला, घालू लागला. उन्हात त्याची पाठ भाजत होती. वेलाखालची माती काळी झाली. मधे एकदा बाबांनी त्याला सावलीत यायला सांगितलं, तो आला नाही. सडके देठ त्यानं एकेक करून उपटले. एका देठाला बुडाशी नखाएवढी हिरवी डिरी होती, ती तेवढी राखली आणि पुन्हा वाळूत रोवली. पहिल्यांदा ती तरंगून वर आली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यानं जीभ दातांत धरून ती खोल दाबली, आणि ती राहिली.

मासे अजून वरच होते. पण तोंडं आता तेवढी उघडत नव्हती.

तो थांबला. त्याच्या मनात एक हिशेब चालला होता आणि तो त्याला सहन होईना.

“बाबा...”

“बोल.”

“मी हे करीन. एक आठवडा चुकवायचो न्हाई, ह्यांना जगवीन. पण असं काढत काढत... एक दिवस आक्काचं सगळंच पाणी जाईल की हो.”

मौलाबाबांनी बाह्या वर केल्या, हात टाकीत बुडवला आणि सावकाश एक गोल फिरवला. जुनं पाणी आणि नवं पाणी एकमेकांत मिसळून गेलं. मग त्यांनी तांब्या उचलून ज्योतीरामपुढे धरला.

“यातलं तिचं तेवढं वेगळं काढून दाखव.”