वाजणाऱ्या वहाणा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका; माझ्या पणजोबांनाही ती फार वर्षांपूर्वीची म्हणूनच सांगितली होती.

तेव्हा आमच्या सात गावांच्या खोऱ्यावर टोपीकरांचा अंमल होता. रान त्यांचं, पाणी त्यांचं, आणि माणसंही आपलीच असं त्यांना वाटायचं. शेवटी सात गावं उठली आणि रायाजी नाईकाच्या मागं रानात गेली. तीनशे माणसं. बंदुका थोड्या, भाकरी त्याहून थोडी, आणि पायात काहीच नाही. दोन वर्षं ती हरायची, पांगायची, पुन्हा जमायची. पण तिसऱ्या पौषात थंडीनं आणि काट्यांनी पाय फुटले. टोपीकरांचे शिपाई रक्ताच्या ठशांवरून माग काढायचे आणि हसायचे, असं म्हणतात. रोज चार-दोन माणसं लंगडत घरी परतू लागली. आणखी महिनाभरात सैन्यच उरलं नसतं.

आंबेखोलच्या वेशीबाहेर सटवाप्पा चांभार राहायचा. वेशीबाहेर का, ते सांगताना मला आजही लाज वाटते. गावाला त्याच्या वहाणा चालायच्या, सावली चालायची नाही. तळाच्या दोन थरांमध्ये तो विंचवाच्या झाडाचं वाळकं बी घालायचा, म्हणजे वहाण करकर वाजायची. माणूस येतोय हे चार घरं आधी कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

नाईकाचा निरोप आला, तीनशे जोड हवेत. एवढं कातडं आणायचं कुठून? सटवाप्पा कुणाला न विचारता वेस ओलांडून आत आला, पारासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मोटा सोडा."

मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची भली मोठी पिशवी. ती गेली की त्या सालचं पीक गेलं. मग एक म्हातारी उठली आणि स्वतःची मोट ओढत घेऊन आली. तिच्या मागून सातही गावांच्या मोटा आल्या.

सटवाप्पा एकवीस दिवस जागचा उठला नाही. त्याची आरी झिजून सुईएवढी झाली, असं म्हणतात. शेवटच्या जोडाला कातडं पुरेना, तेव्हा त्यानं पायातल्या वहाणा काढून उसवल्या.

जोड घेऊन तो रानात गेला; लंगडत घरी परतलेलेही त्याच्या मागून आले. माणसांनी ते घातले, चार पावलं टाकली, आणि सगळं रान करकरलं.

नाईक संतापला. "सटवाप्पा, काय केलंस हे? आम्हाला लपायचंय, वरातीत जायचं नाही!"

सटवाप्पाचं तोंड उतरलं. हाताच्या सवयीनं प्रत्येक जोडात बी गेलं होतं. उसवायला वेळ नव्हता. टोपीकर खिंडीपाशी येऊन ठेपले होते. मग त्यानं मान वर केली.

"चुकलं, नाईक. हाताला सवय हाय. पर दोन वरसं लपून काय मिळालं? आता वाजवत जावा."

नाईकानं बंदूक उचलली. मग म्हणाला, "चला."

सकाळच्या धुक्यात तीनशे माणसं खिंडीत शिरली. पुढं सटवाप्पा, अनवाणी. खिंड अशी अरुंद की एक करकर दहादा परतून यायची. अनवाणी बंडखोरांचं पाऊल टोपीकरांनी कधी ऐकलंच नव्हतं. आता डोंगर करकरत अंगावर येत होता. दहा हजारांची नवी फौज आली, असं ओरडत ते तंबू टाकून पळाले. बंडखोर अकरा दिवस मागं लागले, आणि कुणाच्या पायात काटा मोडला नाही, असं म्हणतात. टोपीकर खोऱ्यात पुन्हा आले नाहीत. सात गावं मोकळी झाली.

नाईकानं सटवाप्पाला पारावर आपल्या शेजारी जागा दिली. "बसा, सटवाप्पा," म्हणाला. तोवर त्याला कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं.

पण स्वतःसाठी जोड त्यानं शिवला नाही. "आधी मोटा," म्हणाला. "सात गावांचं पानी अडलंय." मोटा शिवता शिवताच तो गेला. शेवटची मोट शिवून झाली होती.

आजही पौषी पौर्णिमेला सात गावं मिळून त्याच्या मापाचा एक जोड शिवतात, बी घालून, आणि खिंडीतल्या दगडावर ठेवून येतात. जाताना पाटलापासून सगळे अनवाणी जातात. मागच्या वर्षीचा जोड तिथंच असतो, पण त्याचे तळ झिजलेले असतात.

हे मात्र 'असं म्हणतात' नाही. मी स्वतः हातात घेऊन पाहिलंय.