ओसरीवरच्या बाहुल्या

फार पूर्वी, जेव्हा गावांना वेशी होत्या आणि वेशींना दारं होती, तेव्हाची ही गोष्ट. भीती वाटली तर एकमेकांना चिकटून बसा, पण मध्येच उठून जाऊ नका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव मोठं अगत्याचं! रस्त्यानं कुणीही जावो, ओसरीवरून हाक यायचीच, "या, बसा, पाणी घ्या." एखाद्याला हाक मारायची राहून गेली, तर तो चार दिवस फुगून बसे. म्हणून प्रत्येक ओसरीवर कुणीतरी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसलेलं असायचं.

आता सांगा, दिवसभर "या, बसा" करायचं म्हणजे कामं कुणी करायची? लोक कंटाळले. पण बोलणार कोण? गावाचं नाव होतं ना!

एके दिवशी एक परका सुतार आला. त्यानं पांगाऱ्याच्या लाकडाच्या माणसाएवढ्या बाहुल्या केल्या, डोळ्यांच्या जागी कवड्या बसवल्या आणि घरोघर एकेक देऊन टाकली. "हिच्याशी रोज बोला," तो म्हणाला. "तुमचा आवाज, तुमचे शब्द शिकेल. मग तुमच्या जागी हीच बसेल." मोल काय, म्हणून विचारलं, तर नुसता हसला आणि निघून गेला. फुकट मिळालेल्या वस्तूची चौकशी कोण करतो? कुणीच केली नाही.

थोड्याच दिवसांत बाहुल्या बोलू लागल्या. पावलं वाजली की लाकडी मान वळायची आणि घरधन्याच्या आवाजात शब्द यायचे, "या, बसा." येणाऱ्यांनाही ते बरं वाटू लागलं. पुढं तर कुणाच्या घरी जायच्याऐवजी नुसतं रस्त्यातून ओरडायचं, बाहुलीचं उत्तर ऐकायचं आणि परतायचं, अशी रीतच पडली. गल्ल्या दिवसभर बोलत असायच्या आणि ओसरीवर माणूस मात्र एकही दिसायचा नाही.

याच गावात सगुणा नावाची एक विधवा राहायची. तिचा मुलगा म्हादू, पाच वर्षांचा. भारी चिकट पोर! आई दिसली नाही की लगेच "आई! आई!" सगुणेला धुणं, दळण, शेण, सगळंच एकटीनं करायचं. तिनं आपल्या बाहुलीला अगत्याच्या शब्दांबरोबर आणखी एक वाक्य शिकवलं, "आलेच हं, राजा."

म्हादूची भुणभुण थांबली. तो बाहुलीशेजारीच खेळायचा, तिच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपायचा. सगुणा म्हणायची, "देवच पावला गं बाई!"

एका दुपारी ती नदीवरून धुणं घेऊन आली. ओसरीवर बाहुली बोलत होती, "आलेच हं, राजा. आलेच हं, राजा." पोर खेळतंय कुठंतरी, असं म्हणून सगुणेनं धुणं वाळत घातलं. थोड्या वेळानं बाहुली गप्प झाली. मग सगुणेच्या मनात काहीतरी चरकलं.

घराच्या बाजूला धान्याचं पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं. सकाळीच तिनं त्यावरची माती काढून नुसती फळी टाकून ठेवली होती. ती फळी सरकली होती. सगुणेनं आत डोकावून पाहिलं. खाली ज्वारीवर म्हादू पडला होता. डोळे मिटलेले, ओठ तेवढे हलत होते.

पेवातली कोंदट हवा माणसाला गुंगी आणते. दोर धरायला वर कुणी नसेल, तर उतरणारा तिथंच राहतो. सगुणा शेजारच्या केरबाच्या दारी धावली.

"केरबा भाऊजी! म्हादू पेवात पडला हो!"

ओसरीवरच्या बाहुल्यानं मान वळवली. "या वहिनी, बसा. अरेरे, फार वाईट झालं. काही लागलं तर हक्कानं सांगा."

"दोर धरायला या! पोर मरतंय माझं!"

"काळजी करू नका. आम्ही आहोत ना."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. ती धावत राहिली आणि गल्लीभर कवड्यांचे डोळे तिच्यामागून वळत राहिले. "अरेरे!" "फार वाईट झालं!" "आम्ही आहोत ना!" सगळे आवाज ओळखीचे होते आणि सगळे गोड होते.

ती माघारी फिरली आणि सरळ केरबाच्या घरात शिरली. केरबा आणि त्याची बायको भिंतीला टेकून बसले होते, जागेच.

"माझं ओरडणं ऐकलं नाही का तुम्ही?"

"ऐकलं की," केरबा शांतपणे म्हणाला. "बोलला ना आमचा बाहुला तुमच्याशी?"

सगुणेनं दोघांचे हात धरले आणि फरफटत ओढत आणलं. पेवाशी येऊन त्यांनी खाली पाहिलं, तेव्हा कुठं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोघांनी दोर धरला, सगुणा उतरली आणि पोराला छातीशी घेऊन वर आली.

श्वास चालू होता. तिनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. "अरे सोन्या, मला हाक का नाही मारलीस?"

म्हादूचे डोळे अजून मिटलेलेच होते. "मारली," तो पुटपुटला. "आई म्हणाली, आलेच हं. मग मी गप्प राहिलो."

सगुणेनं पोराला केरबाच्या बायकोकडं दिलं, ओसरीवरून बाहुली ओढून अंगणात टाकली आणि पेटवून दिली. पांगारा भराभर जळू लागला. जाळातून सगुणेचाच आवाज येत राहिला, "आलेच हं, राजा. आलेच हं."

तो आवाज ऐकून म्हादूनं डोळे उघडले आणि तो धडपडत जाळाकडं धावला. सगुणेनं त्याला मध्येच कवटाळलं. "अरे, मी इथं आहे! मी आई!"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग वाटेवरच्या परक्या बाईला विनवावं तसं तो रडत म्हणाला, "सोडा ना हो मावशी! माझी आई जळतेय!"

म्हणून पोरांनो, आणि पोरांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: आपल्या माणसाच्या हाकेला ओ द्यायला आपल्या जागी दुसरं कुणी बसवलं, की ती जागा पुन्हा आपली राहत नाही.