केरबानं चटणीचं दुकान बांधलं

एका गावात एक भोळा केरबा होता. तो कॉम्प्युटर शिकला होता, आणि शिकूनही भोळाच राहिला होता.

गावात वृंदा मॅडमचं वेबसाइटी बनवायचं ऑफिस होतं. हुशार पोरं होती ती एकेक करून पुण्याला पळाली. केरबा राहिला. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. सांगितलं तेच करायचा, सांगितलं तसंच करायचा. हीच तर पंचाईत होती.

त्या साली रेणुका महिला गटानं कांदा-लसूण चटणी केली. उन्हाळाभर बायका मिरच्या कुटत होत्या. शिंका देऊन देऊन नाकं लाल झाली. चटणीच्या बरण्यांची खोकी समाजमंदिरात आढ्याला टेकली, आणि गावात तर प्रत्येकीच्या घरी स्वतःची चटणी! घेणार कोण? म्हणून गटाच्या अध्यक्ष अक्काताई मॅडमकडे आल्या.

"वृंदा, आम्हाला मोबाइलवर दुकान काढून दे. गटाच्या मेळाव्याला बाहेरगावचे व्यापारी येणार आहेत. त्यांच्यापुढं उघडू."

मॅडमनी दुकान तयार केलं. पानं झाली, चित्रं झाली, बटणं झाली. आता हे सगळं बांधून इंटरनेटवर चढवायचं होतं. ते काम बिल्ड टूल करतं. काय घ्यायचं आणि काय वगळायचं, एवढं सेटिंगमध्ये लिहून द्यायचं, की ते सगळ्याचं एक गाठोडं बांधून देतं.

मॅडम म्हणाल्या, "केरबा, सेटिंग तू कर. दुकानाला लागणारं काही मागं राहायला नको. सगळं घे."

"व्हय मॅडम."

केरबानं सगळं घेतलं. चटणीची चित्रं घेतली. चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ घेतला. जत्रेतल्या कुस्त्या घेतल्या. कॉम्प्युटरवर होतं नव्हतं ते सगळं गाठोड्यात गेलं.

अक्काताईंनी मोबाइलवर दुकान उघडलं. चक्र फिरायला लागलं. अक्काताईंनी चहा ठेवला, गाळला, प्याल्या, कपबशी विसळून पालथी घातली. चक्र फिरतच होतं.

मॅडमनी गाठोडं सोडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, लग्न कशाला घातलंस? गिऱ्हाइकाला पानावर जे दिसतं तेवढंच घ्यायचं. बाकीचं वगळायचं!"

"असं होय! आधी सांगायचं की मॅडम."

केरबा पानापुढं मांडी ठोकून बसला. बरणी दिसते, घेतली. अक्षरं दिसतात, घेतली. बटण दिसतं, घेतलं. बटणामागचा कोड काही केल्या दिसेना. त्यानं चष्मा पुसून बघितलं. नाहीच दिसला. वगळला.

दुकान झटक्यात उघडलं. अक्काताईंनी 'विकत घ्या' दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. अंगठा दुखायला लागला तेव्हा त्यांनी सुनेचा अंगठा वापरला. बटण जागचं हललं नाही.

"केरबा, बटणामागचा कोड कुठाय?"

"दिसत नव्हता, मॅडम."

"अरे देवा! जे दिसत नाही त्याच्यावरच दुकान चालतं. ते पहिलं घ्यायचं!"

"असं होय! आधी सांगायचं की."

केरबा न दिसणारं शोधायला निघाला. कोड घेतला. मग एका कोपऱ्यात त्याला 'चाचणी' नावाचा फोल्डर सापडला. मॅडमनी करून बघायची पानं, त्यांवर स्वतःपुरत्या नोंदी लिहून, तिथं ठेवली होती. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसणार नव्हती. केरबाला आनंद झाला. त्यानं ती सगळ्यात वर घातली.

दुपारी सगळ्या गावानं दुकान उघडलं. पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरात होतं: 'अक्काताईंचा फोटो बदलणे. मिरचीपेक्षा तिखट दिसतात.'

अक्काताई ऑफिसात आल्या. चप्पल बाहेर काढायची रीत होती. त्यांनी ती हातात घेतली.

"वृंदा, मी तिखट दिसते?"

मॅडमनी खुर्ची दिली, सरबत दिलं, पाया पडल्या. अक्काताई गेल्यावर त्या केरबाकडे वळल्या. "आपल्याच माणसाला राग येईल असलं काहीही गाठोड्यात जाता कामा नये. कळलं?"

"कळलं की. असं आधी सांगायचं."

केरबा गटातल्या बायकांच्या दारोदार गेला. "काकी, दुकानातल्या कशाकशाचा राग येतो तुम्हाला?"

एक म्हणाली, "भावाचा. एवढं कुटून एवढाच भाव?" केरबानं भाव वगळला.

दुसरी म्हणाली, "पत्त्याचा. जावेच्या घराचा का दिला? माझं घर काय पडलंय?" पत्ता वगळला.

तिसरी म्हणाली, "फोन नंबर माझ्या नवऱ्याचा आहे, आणि मला त्याचाच राग येतो." नंबर वगळला.

आता दुकानात एका बरणीचा फोटो तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा काखेत बरणी मारून ऑफिसात आला. "मोबाइलवर तुमची बरणी हरवल्याचं बघितलं. ही एसटीत सापडली. बघा बरं, हीच का?"

मॅडमनी सेटिंगची फाइल स्वतःच उघडली. घ्यायचं ते घेतलं, वगळायचं ते वगळलं. गाठोडं बांधून चढवलं. दुकान झकास चाललं. बरणी दिसली, भाव दिसला, बटण दाबलं की मागणी आली. अक्काताई हसल्या. मॅडमनी लगेच त्यांचा हसरा फोटो काढला.

मेळाव्याचा दिवस उजाडला. मॅडम निघता निघता म्हणाल्या, "केरबा, फक्त हा फोटो बदलून पुन्हा बांध. सेटिंगला हात लावू नकोस. एकच ध्यानात ठेव. जुनं राहिलं की नव्यात मिसळतं. म्हणून आधी जुनं पुसून टाकायचं आणि मग नवं बांधायचं."

"व्हय मॅडम. या खेपेला आधी सांगितलंत, बरं केलंत."

मेळाव्यात मांडव गच्च भरला. व्यापारी पुढच्या रांगेत बसले. बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. भाषणं झाली, नारळ फुटला. अक्काताईंनी मांडवातल्या मोठ्या पडद्याकडे हात केला. "हे बघा आमचं दुकान!"

पडदा पांढराफेक. बरणी नाही, भाव नाही, अक्काताईही नाहीत.

व्यापारी पुढं वाकून बघायला लागले. मग एकानं विचारलं, "चटणी आहे का मीठ?"

मॅडम मांडवामागं धावल्या आणि केरबाला फोन लावला. "केरबा, काय केलंस?"

"तुम्ही सांगितलं तेच. जुनं पुसलं, नवं बांधलं."

"जुनं म्हणजे कुठलं?"

"आता गाठोडं तर कालचंच होतं. मूळ फाइलींचा फोल्डर बघितला, तर गेल्या महिन्याचा! म्हटलं, हेच जुनं. पुसला."

मॅडम ओरडल्या. "अरे, मूळच नाही तर मग बांधलंस काय?"

"ते काय मला ठाऊक नाही. पण बिल्ड टूल 'बांधणी यशस्वी' म्हणालं. एक चूक दाखवली नाही, मॅडम. पहिल्यांदाच!"

मॅडमनी मांडवाचा खांब धरला. मग एकदम त्यांना आठवलं आणि जिवात जीव आला. "थांब, थांब. कपाटात माझी वेगळी हार्ड डिस्क आहे. मूळ फाइलींची एक प्रत मी तिच्यात ठेवलीय."

"ती होय?" केरबा म्हणाला. "ती तर त्याच्याहून जुनी, मॅडम. ती पहिली पुसली."