पुसण्याआधीचा डोळा

फार मागे, नद्यांवर अजून पूल नव्हते आणि कोल्हे माणसांशी बोलत होते, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच.

उन्हाळ्यात नदी आटून एका धारेवर आली, की पात्रातल्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या उठत. त्यातली एक वाडी येसू नावाच्या बाईची होती. वाडीच्या मधोमध तिची गवताची खोप आणि खोपीच्या दारात भुऱ्या. भुऱ्या म्हणजे तिचा कुत्रा. रंग असा वाळूसारखा, की निजला तर दिसायचाच नाही. कोल्ह्यांना कलिंगड फार आवडतं. पण भुऱ्या राखणीला असल्यापासून एकाही कोल्ह्याने तिथल्या फळाला दात लावला नव्हता. येसूला दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळची भाकरी मोडायची ती या दोघांतच.

एके सकाळी भुऱ्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी येताना दिसलं. आदल्या दिवशी वारा सुटला होता, वाळू उडाली होती. येसूने पाणी उकळलं, कोमट होऊ दिलं, स्वच्छ फडकं बुडवून डोळा हलक्या हाताने पुसला.

"वाळू गेली असेल रे बाळा," ती म्हणाली.

इथवर तिचं काहीच चुकलं नव्हतं. डोळ्यातून येणारं पाणी स्वच्छ होतं, डोळा उघडा होता, भुऱ्या नेहमीसारखा जेवत होता.

पण मग ते पाणी घट्ट झालं. पिवळं झालं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. भुऱ्या पंजाने डोळा खाजवायचा, उन्हाकडे पाठ करून बसायचा. येसूला धड झोप लागेना. डोळा खाजवल्याचा आवाज आला, की ती दचकून उठायची आणि आवाज थांबेपर्यंत बसून राहायची. उजाडायच्या आतच फडकं घेऊन त्याच्यापाशी जायची. पापण्या भिजवायची, चिपडं काढायची, गालावरचे केस पुसायची. हे सगळं झालं, की मग उजेडात डोळा बघायची.

"आज बराय कालच्यापेक्षा," ती स्वतःला सांगायची. आणि डोळा खरंच बरा दिसायचा. नुकताच पुसलेला डोळा बराच दिसतो.

शेजारच्या वाडीचे सुभानमामा दुपारी तंबाखू मळत यायचे. "काय म्हणतोय डोळा?"

"आज बराय, मामा."

"मग झालं तर. कुत्र्याची जात आहे. चाटून बरी होते."

"डोळा कसा चाटणार, मामा?"

"आता फाटे फोडू नकोस. ही घे बाटली, माझ्या डोळ्याचं औषध तळाशी उरलंय. मला गुण आला, त्याला नाही का येणार?"

येसूने ते औषध घातलं. भुऱ्या कळवळून मागे सरला. डोळ्याला गुण आला नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान येसूला मिळालं, आणि तेवढ्यावर तिने आणखी दिवस ढकलले. जनावरांचे वैद्य नदीपलीकडच्या गावात राहत. तिकडे जायचं तर वाडी उघडी टाकावी लागणार, आणि कलिंगडं तर ऐन पिकायला आलेली. उद्या बघू, ती म्हणायची. उद्या उजाडायचा, ती डोळा पुसायची, आणि डोळा बरा दिसायचा.

त्याच सुमारास वाडीतली फळं फुटलेली सापडू लागली. नवल हे, की फुटायची ती फक्त वाडीच्या वरच्या अंगाची. खालच्या अंगाला एकाही फळाला ओरखडा नसायचा. कोल्हे हुशार झाले, येसूला वाटलं.

एकदा दिवस मावळताना तिला तो दिसला. वरच्या अंगाच्या झाऊच्या झुडपांतून कोल्हा आला आणि भुऱ्याच्या डाव्या हाताला, चार पावलांवर, निवांत कलिंगड खात बसला. वारा उलटा होता. भुऱ्या जागा होता, तरी कान सोडून काही हललं नाही. येसूने ढेकूळ भिरकावलं.

"मेल्या, फार हुशार झालास होय?"

कोल्हा जरासा बाजूला सरकला. "मी होतो तेवढाच आहे, बाई. तुझा राखणदार कमी झालाय. या बाजूने त्याला दिसत नाही."

"खोटं बोलतोस. सुधारतोय त्याचा डोळा. मी रोज बघते."

"तू पुसल्यावर बघतेस. मी पुसायच्या आधी बघतो. त्याच्या डोळ्यात फूल पडायला लागलंय."

बुबुळावर पांढरा डाग धरतो, त्याला फूल म्हणतात. येसूचा सारा जन्म वेलीला फूल कधी येतंय याची वाट बघण्यात गेला होता. तोच शब्द ऐकून ती भुऱ्यापाशी गेली. पण ती काही भोळी नव्हती.

"आणि हे तू मला सांगतोस? का, तर मी वैद्यांकडे पळावं आणि तुला वाडी मोकळी मिळावी."

"गेलीस तर एक दिवस मोकळी," कोल्हा मिशा चाटत म्हणाला. "नाही गेलीस तर कायमची. मला दोन्हीकडून कलिंगडच आहे. पण तू जायची नाहीस. सकाळी पुसशील आणि म्हणशील, आज बराय."

त्या रात्री येसूच्या मनात दोन भीती एकमेकींशी भांडत होत्या. कोल्हा खोटा असेल तर वाडी जाईल. कोल्हा खरा असेल तर भुऱ्याचा डोळा जाईल. खरं काय ते कुणाला विचारावं? सुभानमामा बरं आहे असंच सांगणार. ती स्वतःही स्वतःला तेच सांगणार.

सकाळी तिने फडकं हातात घेतलं आणि खाली ठेवलं. हात मांडीवर घट्ट धरून ती उजाडायची वाट बघत बसली. चिकटलेल्या डोळ्याने भुऱ्या तिच्याकडे तोंड करून कुईकुई करत होता. पुसण्यासाठी तिचे हात शिवशिवत होते. तरी ती थांबली.

मग ऊन आलं, आणि तिने पाहिलं.

पापण्या हिरव्यापिवळ्या खपलीखाली बुजल्या होत्या. पापणी सुजून टरारली होती. तिने खपली भिजवून पापणी उघडली, तेव्हा काळ्याभोर बुबुळावर राखेसारखा धुरकट पडदा होता. तिने त्याच्या उजव्या डोळ्यावर तळवा धरला आणि दुसऱ्या हाताने, आवाज न करता, त्याच्यासमोर भाकरी हलवली. वास आला म्हणून भुऱ्याने नाक वर केलं. पण ते हातापाशी आलं नाही. हवेतच इकडेतिकडे शोधत राहिलं.

येसू उठली.

"वेडी की काय तू?" सुभानमामा मागून ओरडले. "पिकलेली वाडी टाकून कुत्र्यामागे निघालीस? काल तर बरा होता म्हणालीस."

"म्हणाले होते. तीच चूक झाली, मामा."

नदीची धार कमरेइतकी होती. तिने भुऱ्याला खांद्यावर घेतलं. तो थरथरत होता. पायाखालची वाळू सरकत होती. मागे वळून बघितलं तर वाडी दिसली असती, म्हणून तिने मागे बघितलंच नाही.

वैद्यांनी भुऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरून डोळा बराच वेळ निरखला. "यात काय घातलंस?"

येसूने बाटली पुढे केली. वैद्यांनी हुंगली आणि अंगणात रिकामी केली. "हे माणसाचं आहे, आणि तेही वेगळ्याच दुखण्याचं. याच्या बुबुळाला जखम आहे. जखमेवर हे म्हणजे आगीत तेल."

"मी रोज पुसत होते हो, वैद्यबुवा. उकळून गार केलेल्या पाण्याने."

"ते बरोबरच केलंस. डोळ्यातलं पाणी स्वच्छ असेतो पुसावं आणि लक्ष ठेवावं. पण ते घट्ट पिवळं झालं, त्याने डोळा मिटून घेतला, तो खाजवायला लागला, त्याच दिवशी फडकं ठेवून निघायचं होतं."

"डोळा वाचेल?"

"आज आलीस म्हणून डोळा राहील. उद्या आली असतीस तर माझ्या हातात काही उरलं नसतं." ते औषध काढायला वळले. "नजर मात्र सगळी परत येईलच असं नाही."

ती परतली तेव्हा वरच्या अंगाची वाडी संपली होती. नुसती सालं आणि त्यांवर घोंगावणाऱ्या माश्या. येसू त्या सालांत उभी राहून थोडी रडली. मग भुऱ्याच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली, म्हणून तिने डोळे पुसले.

पुढे सूज ओसरली, पाणी थांबलं, पडदा विरला. पण बुबुळाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं फूल राहिलं, ते कायमचं. तेवढ्या कोपऱ्यात भुऱ्याला पुढे कधी दिसलं नाही. म्हणून तो जरा मान वाकडी करून बसायचा, आणि येसूला दरवेळी ती मान दिसायची.

एकदा दिवस मावळताना कोल्हा पुन्हा झाऊतून आला. वरच्याच अंगाने. वारा उलटाच होता. भुऱ्याने मान वळवली, त्याच्याकडे सरळ बघितलं आणि तो गुरगुरत उठला.

कोल्हा जागीच थबकला. मग लांबूनच येसूला म्हणाला, "गेलीस तर खरी." आणि आला तसा झुडपांत शिरला.

त्यानंतर रोज सकाळी येसू आधी ऊन येऊ द्यायची, मग भुऱ्याचं तोंड हातांत धरून बघायची, आणि मगच फडक्याला हात लावायची.

ज्याच्यावर आपला जीव आहे त्याचं दुखणं पुसण्याआधी बघावं, आणि वाढलेलं दिसलं तर त्याच दिवशी उठून वैद्य गाठावा.