मातीच्या बाटल्या

“पण मग माणूस इतिहासातून शिकतो तरी कधी, बाबा?”

त्र्यंबक सोनटक्के यांनी हा प्रश्न पुन्हा विचारला आणि करमशाबाबांनी तो पुन्हा ऐकून न ऐकल्यासारखा केला. कब्रस्तानाची राखण तेच करत, आणि त्याच्या कडेलाच त्यांची झोपडी होती. तिच्यापुढच्या लिंबाखालचा पाचोळा ते झाडत होते, आणि तो झाडून होईपर्यंत बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

सोनटक्के इतिहासाचे नामांकित प्राध्यापक. अर्धं जग पालथं घातलेले. जगातली युद्धं त्यांना तोंडपाठ, आणि ती तोंडपाठ आहेत हे समोरच्याला कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बाबा मात्र बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत शिकवणाऱ्या सगळ्यांना एकाच नावानं हाक मारत.

“बसा, मास्तर.”

सोनटक्के ओट्यावर बसले आणि सोबत आणलेली लाकडी पेटी त्यांनी उघडली. आत कापसावर काचेच्या बाटल्या ओळीनं निजवल्या होत्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. वर्दून. हिरोशिमा. सारायेव्हो. माणसांनी जिथं जिथं माणसं मारली तिथं जायचं आणि चिमूटभर माती उचलून आणायची, हा त्यांचा नेम होता. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात, यांनी हे आणलं.

“ही सगळी माती इथं पुरायची आहे,” ते म्हणाले. “हबीबच्या कबरीशेजारी. वर शांततेचा एक दगड बसवू. फक्त तुमची परवानगी हवी.”

“हबीबच्याच शेजारी कामून?”

“तो माझा सगळ्यात जुना दोस्त होता, बाबा. जगभरचे मेलेले त्याच्या सोबतीला असावेत, असं वाटलं.”

वाक्य छान जमलं होतं. भाषणात घेता येईल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली.

दोस्ती मात्र खोटी नव्हती. शाळेत दोघांत मिळून नकाशांचं एक पुस्तक होतं आणि जग बघायचं ते दोघांनी मिळून, असं ठरलं होतं. पुढं सोनटक्के विमानात बसले आणि हबीब बागवान फळांच्या गाडीवर उभा राहिला. तालुक्यापलीकडे तो फारसा गेला नाही. सोनटक्के प्रवासाहून परतले की आधी त्याच्या गाडीवर जायचे. मोसंबी सोलता सोलता हबीब दर वेळी एकच विचारायचा, “तिथली माणसं कशी आहेत रे?”

गेल्या वर्षीच्या दंगलीत त्याच गाडीपाशी त्याला मारलं. मारणारे बाहेरून आले नव्हते. त्याच्याकडून रोज फळं नेणारे होते.

बाबा शेजारी टेकले आणि एक बाटली उचलून त्यांनी उजेडाकडे धरली. “ही कुठली?”

“वर्दून. फ्रान्समधलं. पहिल्या महायुद्धात तिथं…”

“तिथं तुमचं कोण होतं?”

“माझं? कुणी नाही.”

“आणि ह्या दुसरीच्या जागी?”

“ते सारायेव्हो. तिथंही कुणी नाही. बाबा, तसा प्रश्नच नाही हा.”

“बरं.” बाबांनी आणखी एक बाटली काढली. “ही तर रिकामी आहे.”

“ती पुढच्या महिन्यासाठी. रवांडाला जातोय.”

बाबांनी ती परत पेटीत ठेवली नाही. मांडीवरच राहू दिली.

“मास्तर, आमच्यात मय्यत कबरीत उतरवली की आलेला एकेक माणूस तीन मुठी माती देतो. फावडं त्याच्यानंतर. ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे. ही चाल तर कितीतरी देशांत…” सोनटक्के सवयीनं सांगायला लागले आणि मध्येच थांबले.

“हबीबला कुणी दिली?”

“कर्फ्यू होता,” बाबाच म्हणाले. “त्याचा भाऊ होता, मी होतो. दोन शिपाई आले होते, ते रस्त्याकडं बघत उभे राहिले. हात कमी पडले. मग बाकीची फावड्यानंच लोटली.”

सोनटक्क्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग पुन्हा उघडलं.

“तो भाऊ आधी तुम्हाला बोलवायला तुमच्या दारावर आला होता ना?” बाबांनी विचारलं.

“आला होता.”

“पोलिसांनी तुम्हाला सोडलं असतं.”

“सोडलं असतं. ओळखतात ते मला.”

“मग?”

“मी लिहीत होतो, बाबा. पेपरला लेख द्यायचा होता. त्याला म्हणालो, तू हो पुढं, एवढं पान संपवून येतोच.”

“कशावर लिहीत होता?”

सोनटक्क्यांनी बाटल्यांकडे पाहिलं.

“सारायेव्होवर.”

“संपलं का पान?”

“संध्याकाळी.”

लिंबाची पानं नुकत्या झाडलेल्या जागेवर पुन्हा गळत होती.

सोनटक्के उठले आणि हबीबच्या कबरीपाशी गेले. तिच्यावर दगड नव्हता. गेल्या पावसाळ्यात ती खचून जमिनीबरोबर झाली होती, वर गवत माजलं होतं. ते वाकले आणि बाजूची माती बोटांनी उकरू लागले. जगभर चिमटीनं माती उचलणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच मूठ भरून घेतली. नखं दुखावली, चष्मा घसरला, त्यांना त्याचं भान नव्हतं. मूठ पुढे करून ते उभे राहिले. पण माती द्यायला खाली उघडी कबर नव्हतीच, नुसतं गवत होतं. मग मात्र त्यांना रडू आवरेना. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता.

“बाबा… आता दिली तर चालेल का?”

बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि त्यांच्याजवळ आले. हातातल्या रिकाम्या बाटलीचं बूच काढलं आणि ती त्यांच्या मुठीखाली धरली.

“हिच्यात घाला, मास्तर. आणि वर आपल्या गावाचं नाव लिहा.”