दाजीबा हत्तीची शिंक

फार जुन्या काळी, रांगेत मध्येच घुसणारं एकही जनावर जगात नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. थंडीच्या तोंडावर साळूबाई साळिंदर साऱ्या रानाला तापाची लस टोचायची, दर जनावराला नवा काटा. दाजीबा हत्ती मात्र चिंचेमागे लपला. म्हणजे सोंड लपली, बाकीचा हत्ती बाहेरच.

"गेल्या साली टोचलंय की, बाई," तो म्हणाला.

"ताप दरसाल नवं सोंग घेऊन येतो, दाजीबा. गेल्या सालची लस त्याला ओळखत नाही."

"एवढ्या देहाला ताप काय करतोय?"

न टोचलेल्या त्या देहाला खरंच काही झालं नाही. दोन शिंका आल्या, एवढंच. पण शिंका हत्तीच्या. शेजारच्या बिळात सशिणीची चार पिल्लं होती, अजून टोचायच्या वयाची नसलेली. ती तापाने फणफणली. आठ दिवस दाजीबा सोंड पाल्यात खुपसून, लांबूनच बिळाकडे बघत उभा राहिला. तीन पिल्लं उठली. चौथं नाही उठलं.

पुढच्या साली उजाडायच्या आत दाजीबा रांगेत पहिला. काटा बघून तो पुन्हा चिंचेकडे सरकायला लागला. सशीण मागून पुढे आली आणि तिने त्याची सोंड घट्ट धरली.

"हलू नका, दाजीबा," ती म्हणाली. "टोचून होईपर्यंत मी सोडायची नाही."