चौकटीचं तोंड

एकदा एका खाडीच्या मुखाशी एक वृद्ध राहत होता. बिनतारी संदेश ऐकण्यात त्याचं आयुष्य सरलं होतं. त्याच्यापाशी जुना रेडिओ होता, आणि तांब्याची तार गुंडाळलेली एक लाकडी चौकट. चौकट खुंटीवर फिरे. तोच रेडिओचा कान.

मचवा हाकणाऱ्या धर्मा तांडेलाची बायको ती विद्या शिकायला त्याच्याकडे येई. बाकीच्या कोळणी तिला चिडवत, "घरात नवऱ्याचं ऐकत नाहीस, आणि दर्यावरचं ऐकायला चाललीस होय गं?" ती हसे, आणि जाई.

मग एका दुपारी वादळ उठलं. भर दुपारी अंधारून आलं. सगळे मचवे परतले, धर्माचा तेवढा नाही. शोधायला निघालेली माणसं वल्ही धरून किनाऱ्यावर उभी होती. पण जायचं कुठे, उत्तरेला की दक्षिणेला? धर्माच्या आईने देवळावर दिव्यांची माळ लावली आणि जनरेटर सुरू करवला. म्हणाली, "माझा पोर दिवे बघून येईल."

धर्माच्या मचव्यावर बोलायचा बिनतारी संच होता. इकडे शिष्येने रेडिओ लावला. खरखर, नुसती खरखर. त्या खरखरीत बुडालेला एक पुरुषी आवाज.

"बाबा, हे ह्यांचंच बोलणं! माझं नाव घेतायत!"

"काय म्हणतोय?"

"शब्द लागत नाहीत. पण आवाज ह्यांचाच."

आवाज मोठा व्हावा म्हणून तिने चौकट फिरवली. आवाज वाढला, त्याच्यासोबत खरखरही वाढली. वृद्ध उठला. त्याने चौकट हळूहळू वळवून तिचं उघडं तोंड थेट देवळाकडे केलं. आवाज एकदम बारीक झाला. तिने झटकन चौकट मागे ओढली.

"बाबा, असं काय करता? माणूस तिकडे दर्यात, आणि तुम्ही तोंड दिव्यांकडे करता! ह्यांचा आवाज विझतोय ना!"

वृद्ध शांतपणे म्हणाला, "पोरी, त्या जनरेटरमधून ठिणग्या उडतायत. प्रत्येक ठिणगी इथे खरखर होऊन ओरडते. या चौकटीचा स्वभाव उलटा आहे. जे हिच्या कडेच्या रेषेत असेल, ते तिला ऐकू येतं. ज्याच्याकडे ती तोंड करते, त्याच्यापुरती ती बहिरी होते. दूरचा आवाज मोठा करणं तुझ्या हाती नाही, माझ्याही नाही. कशापुरतं बहिरं व्हायचं, एवढंच आपल्या हाती."

"मग जनरेटरच बंद करायला सांगते."

"त्या माउलीला? तिच्यापाशी तेवढंच उरलंय. आपण आपली चौकट वळवावी."

तिचा हात चौकटीवर तसाच राहिला. का, ते वृद्धाला कळत होतं. अशा खरखरीतून माणसाला हवं ते ऐकू येतं. आणि आतापर्यंत तिला नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता.

बाहेरून कुणीतरी हाक दिली, "अगो, काय कळलं का? पाणी चढतंय!"

तिने डोळे मिटले आणि स्वतःच्या हाताने चौकट देवळाकडे वळवली. खरखर मेली. आवाज उरला धाग्याएवढा, पण स्वच्छ. तो धर्माचा नव्हता. मचव्यावरच्या लडकूचा होता.

"...कासवखडकाच्या दक्षिणेला... इंजिन बंद... तांडेल लाटेबरोबर गेला... आम्ही दोघं उरलोय... लवकर या..."

ती दारात गेली. "दक्षिणेला," ती ओरडली, "कासवखडकाच्या दक्षिणेला! दोघं आहेत."

"दोघं? आणि धर्मा?"

"दोघं," ती म्हणाली. होड्या निघाल्या.

संध्याकाळी लडकू आणि त्याचा सोबती जिवंत परतले. तोवर ती वृद्धाच्या दारातच बसून होती.

"बाबा, चौकट वळवली नसती, तर अजून ह्यांचाच आवाज ऐकत बसले असते मी."

"हो," वृद्ध म्हणाला. "आणि ते दोघंही आले नसते."

ती उठून देवळाकडे गेली. लडकूने पायरीवर सगळं सांगितलं होतं, तरी सासू जनरेटर बंद करू देत नव्हती. "अगो, ये," ती म्हणाली, "बघ, दिवे कसे लांबून दिसत असतील."

सुनेने माळेला हात लावला नाही. सासूचा हात हातात घेऊन ती शेजारी बसली, दिव्यांकडे तोंड करून. जनरेटर धडधडत होता. तिच्या कानात फक्त दर्या होता.